घर बांधण्याआधी रान तपासा : काळ्या जमिनीतील पायाची माहिती



आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोन भाग मानले होते. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकवायचे रान आणि पांढरी म्हणजे माणसे राहतात ते गावठाण. जमेल तिथे गावठाण उंचवट्यावर, मुरमाड जागी बसवलेले असे. पिकाला जी जमीन मानवते ती भिंतीला मानवत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलेले होते.

आता गावठाणात जागा उरलेली नाही. पाण्याची सोय झाली, ऊस आला, रात्रीची दारी धरायची, जनावरे सांभाळायची, म्हणून वस्ती रानात गेली. उसाचे बिल जमा झाले की पहिला विचार घराचा होतो, आणि घर उभे राहते ते नेमके काळ्या जमिनीत. पहिले वर्ष बरे जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकते, फरशी मधून वर येते. मग गवंड्याला दोष, सिमेंटला दोष, नशिबाला दोष. खरे कारण बहुधा जमिनीखाली असते, आणि ते पाया खणण्याआधी कळू शकले असते. दोन-तीन हंगामांची पुंजी ज्यावर उभी राहणार, ती जमीन कशी पारखायची आणि तिला कोणता पाया द्यायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. काळी जमीन अशी का वागते?

आपल्याकडची काळी माती ही दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन झालेली आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्या झिजेतून जी बारीक चिकणमाती तयार होते, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. या खनिजाचे कण पापुद्र्यांचे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व माती फुगते. पाणी निघून गेले की पापुद्रे जवळ येतात व माती आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसात त्या मिटतात, हे आपण दर वर्षी पाहतो. शेतात या गुणाचा फायदा आहे, जमीन आपोआप उलथते. घराखाली मात्र तोच गुण घात करतो.

सगळे घर एकसारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पण तसे होत नाही. घराच्या मधल्या भागाखाली ऊन लागत नाही की पाऊस पोचत नाही, तिथला ओलावा टिकून राहतो. कडेच्या भिंतींखालची माती मात्र उन्हाळ्यात वाळते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणजे मधला भाग स्थिर आणि कडा हलत्या. विटांची भिंत ताण सोसत नाही, ती फाटते.

दुसरी गोष्ट वजनाची. बैठ्या घराच्या पायाखाली दर चौरस मीटरला साधारण ५ ते १० टन भार येतो. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब पुष्कळदा याहून जास्त असतो. म्हणून हलके बैठे घर जड इमारतीपेक्षा जास्त उचलले जाते. "साधंच तर घर आहे, त्याला कशाला पाहिजे एवढा पाया?" हा प्रश्न काळ्या रानात उलटा आहे.

२. आधी खड्डा, मग नकाशा

जमीन वाचायची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे खड्डा. घराच्या नियोजित जागेत तीन खड्डे घ्यावेत, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत व एक मध्ये. एकाच खड्ड्यावर विसंबू नये. ओढ्याकडच्या बाजूला काळी दहा फूट आणि बांधाकडच्या बाजूला चारच फूट, असे एका घराच्या जागेतही सापडते. अर्धे घर मुरमावर व अर्धे काळ्यात, यासारखी वाईट बैठक दुसरी नाही.

खड्डा टणक मुरूम लागेपर्यंत, नाही लागला तर निदान दहा-बारा फूट न्यावा. त्यापेक्षा खोल जायचे तर हाताने फिरवायच्या ऑगरने भोक पाडून माती वर काढता येते. प्रत्येक थर कुठे सुरू झाला व कुठे संपला हे टेपने मोजून वहीत लिहावे. साधारण क्रम असा सापडतो : वर काळी, खाली पिवळसर किंवा चुनखडीचे खडे असलेली माती, मग मऊ मुरूम, मग टणक मुरूम आणि शेवटी मांजऱ्या किंवा काळा कातळ. शेजारच्या विहिरीची बाजू उघडी असेल तर हाच क्रम तिथे फुकट पाहायला मिळतो. ती विहीर किती अंतरावर आहे एवढे ध्यानात ठेवावे.

खड्ड्यात आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पाणी किती फुटांवर लागते? भेगा किती खोल गेल्या आहेत? आणि माती मूळची आहे की भर घातलेली? बुजवलेली विहीर, जुना उकिरडा, सपाटीकरणात ढकललेली माती यांवर पाया घेऊ नये. विटांचे तुकडे, राख, चिंध्या, कुजका पाला दिसला की ती भर समजावी. घरातल्या जुन्या माणसाला विचारावे, "इथं पूर्वी काय होतं?" या एका प्रश्नाने पुष्कळ पैसे वाचतात.

सावधगिरी : काळ्या मातीच्या उभ्या कडा सांगून ढासळत नाहीत. पाच फुटांखाली माणूस उतरवायचा असेल तर बाजू पायऱ्यांनी कापाव्यात, काढलेली माती काठावर रचू नये, पाऊस झाल्यावर खड्ड्यात उतरू नये. रात्री खड्डा झाकावा. लेकरे व जनावरे दोन्ही आसपास असतात.

३. घरच्या घरी चार परीक्षा

भेगेची : एप्रिल-मे महिन्यात भेगेत सरळ तार सोडून ती किती खोल जाते ते मोजा. तार तीन-चार फूट सहज गेली तर तिथपर्यंतची माती वर्षाला हलते हे नक्की. ओलाव्याचा बदल भेगेच्याही खाली पोचतो.

वळीची : माती भिजवून हातावर वळी करा. तीन मिलिमीटर जाडीची लांब वळी न तुटता होत असेल तर माती चिकण आहे. मुरमाड मातीची वळी होत नाही.

बाटलीची : काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती व बाकी पाणी घालून जोराने हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत बसतो. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिले तर चिकणमातीचे प्रमाण जास्त.

पहारेची : ही परीक्षा कोरड्यात फसवते. मे महिन्यात पहार लागत नाही म्हणून गवंडी म्हणतो, "मालक, दगड आहे खाली." तीच जमीन भाद्रपदात घोट्याइतकी रुतते. म्हणून खड्ड्याच्या तळाशी पाणी भरून एक रात्र जिरू द्यावे आणि मग पहार मारावी. भिजल्यावरही टणक राहील तो खरा मुरूम. अंगठ्याने दाबून खोल खूण पडत असेल तर तिथे पाया थांबवू नये.

४. प्रयोगशाळेत काय विचारावे?

इथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. खताच्या मात्रेसाठी आपण जी माती तपासून घेतो, त्या अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असते. त्यावरून पाया ठरत नाही. बांधकामासाठी वेगळी तपासणी लागते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मृद्-यांत्रिकी प्रयोगशाळा ती करतात. धरणे, कालवे व मोठ्या बांधकामांसाठी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'मेरी', सर्वांना ठाऊक आहे.

आपण निदान दोन गोष्टी मागाव्यात : मुक्त फुगवटा आणि भारक्षमता. भारक्षमतेचा अर्थ पुढच्या भागात येईलच. मुक्त फुगवट्याची परीक्षा समजायला सोपी आहे. भारतीय मानक २७२०, भाग ४० प्रमाणे कोरड्या, चाळलेल्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घेतात. एक पाण्याच्या मोजपात्रात टाकतात व दुसरा रॉकेलच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दिवसभराने दोन्हींचे आकारमान वाचतात. समजा रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर व पाण्यात २० मिलिलिटर भरले. फरक ८. आठला बाराने भागून शंभराने गुणले की ६७ टक्के. मानकाच्या वर्गवारीत २० टक्क्यांच्या आत फुगवटा कमी, २० ते ३५ मध्यम, ३५ ते ५० जास्त आणि ५० च्या वर फार जास्त. म्हणजे ६७ टक्क्यांच्या जमिनीत साधा पाया घालणे हा जुगार झाला.

नमुना वरच्या नांगरटीच्या थरातला देऊ नये. पाया जिथे बसणार त्या खोलीचा द्यावा, पिशवीवर खड्ड्याचा क्रमांक व खोली लिहावी.

५. भाराचा हिशेब

हा हिशेब आपल्याला स्वतःला करता यावा, म्हणजे कंत्राटदाराशी बोलताना अडत नाही. एक मीटर लांबीची बाहेरची भिंत घेऊ.

विटांची भिंत २३ सेंटिमीटर जाड व ३ मीटर उंच. वजन सुमारे १.३ टन.
खोली ३.६ मीटर रुंद. तिच्या स्लॅबचा निम्मा, म्हणजे १.८ मीटर भाग या भिंतीवर. स्लॅब, कोबा व वरची वर्दळ मिळून चौरस मीटरला ०.५५ टन धरले तर १ टन.
जोते व पायाचे दगडी बांधकाम सुमारे १.४ टन.
एकूण ३.७ टन.

जमीन चौरस मीटरला १० टन सोसणारी असेल तर पायाची रुंदी ३७ सेंटिमीटर पुरते. तीच जमीन भिजून ५ टनांवर आली तर ७४ सेंटिमीटर लागते. मधल्या भिंतीवर दोन्ही खोल्यांचे स्लॅब येतात, तिचा भार ४.७ टन होतो व रुंदी ९४ सेंटिमीटर. म्हणजे मधल्या भिंतीचा पाया बाहेरच्यापेक्षा रुंद हवा. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते, "आतली भिंत आहे, चालतंय" म्हणून तिचाच पाया बारीक धरतात.

आणि वरचा मजला? आज नको असतो, पण पोराचे लग्न ठरले की आठवतो. वरची भिंत व स्लॅब मिळून आणखी सुमारे २.४ टन वाढतात. बाहेरच्या भिंतीचा भार ६.१ टन, आणि ५ टनांच्या जमिनीवर रुंदी १.२२ मीटर. पाया मागाहून रुंद करणे जिकिरीचे असते. म्हणून विचार आजच करावा.

पण एवढ्यावर थांबू नये. रुंदी वाढवली की बसणे कमी होते हे खरे. काळ्यात मात्र रुंद पायाखालचा दाब कमी झाल्याने फुगणाऱ्या मातीला तो उचलणे आणखी सोपे जाते. यासाठी काळ्या जमिनीतला नियम असा : रुंदीपेक्षा खोलीला मान द्या. जिथे ओलावा वर्षभर सारखा राहतो तिथपर्यंत पाया न्या.

६. कोणत्या जमिनीला कोणता पाया?

(अ) टणक मुरूम पाच फुटांच्या आत असेल तर प्रश्नच नाही. सगळी काळी काढावी व पाया निदान एक फूट मुरमात रुतवावा. सगळ्या भिंतींचा पाया मुरमावरच बसला पाहिजे, एकही कोपरा काळ्यात सोडू नये.

(आ) मुरूम पाच ते दहा फुटांवर असेल तर सलग चर खणणे परवडत नाही. अशा वेळी कोपऱ्यांवर व भिंतींच्या जोडावर खड्डे घेऊन कॉलम मुरमापर्यंत न्यावेत आणि जोत्याच्या पातळीवर सळईच्या बीमने ते बांधावेत. भिंत बीमवर उभी राहते, काळ्यावर नाही.

(इ) मुरूम त्याहून खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले खुंट, ज्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात, ते योग्य. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ही पद्धत विकसित केली, व भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात तिचे नियम दिले आहेत. हाताच्या ऑगरने भोक पाडतात, तळाशी विशेष हत्याराने ते रुंद करतात, सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. फुगीर भाग दांड्याच्या साधारण अडीचपट, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या दांड्याला सुमारे ६२ सेंटिमीटर. फुगणाऱ्या जमिनीत हा खुंट निदान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोल हवा. केळीचा कंद जसा जमिनीत धरून बसतो तसा हा फुगीर भाग खालच्या न हलणाऱ्या मातीत बसतो. वरची माती फुगली तरी खुंट उपटत नाही.

खुंटांवरचा बीम जमिनीला टेकवू नये. त्याच्या खाली निदान ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांवर मोकळी फट ठेवावी, कारण फुगणाऱ्या मातीला वर यायला जागा हवी. "फट कशाला, मुरूम भरून टाकतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवावे. ती फट बुजवली की सगळा खर्च वाया.

कोणत्याही प्रकारात सळई किती व काँक्रीट कोणते हे पात्र अभियंत्याकडून लिहून घ्यावे. खड्ड्यांची वही व प्रयोगशाळेचा अहवाल त्याच्या हाती द्यावा. पायाचा चर खणून उघडा ठेवू नये. शेवटची सहा इंच माती त्याच दिवशी काढावी व तळाचे काँक्रीट लगेच टाकावे. नाहीतर तळ वाळून भेगाळतो किंवा वळवाच्या पावसात चिखल होतो.

जोत्यावर व दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा पट्टा ठेवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. तिथल्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. जाडी आरपार बांधणारे दगड त्यांत नव्हते व भिंती एकमेकींना बांधणारा पट्टा नव्हता. हा पट्टा जमिनीच्या लहान हालचालीतही घराला एकत्र धरतो.

७. जोत्यातील भर

पाया चांगला आणि फरशी फुटलेली, असे कित्येक घरांत दिसते. कारण पायातून निघालेली काळी मातीच जोत्यात भरलेली असते. वाहतूक वाचते म्हणून हा मोह होतो. ती माती शेतात पसरा, जोत्यात नको.

आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले की काळ्या मातीवर साधारण एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मुरमाचा घट्ट थर दिला तर खालचे फुगणे बरेच दाबले जाते. कालव्यांच्या कामात ही पद्धत वापरली गेली. आपण जोत्यात असाच मुरूम घ्यावा, सहा इंचांचे थर करावेत, वाफशाइतका ओलावा द्यावा व प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. नुसते पाणी सोडून मुरूम बसत नाही. फक्त जाड वाळूची भर घालणेही बरे नव्हे. वाळूत पाणी साठते व तेच खालच्या काळ्याला पाजले जाते.

८. पाणी घरापासून दूर

पाया कितीही चांगला असो, पाणी आवरले नाही तर काळी शांत बसत नाही. घराभोवती निदान पाच फूट रुंदीचा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा बाहेर उतार देऊन करावा. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे. मोरीचे व टाकीचे पाणी भिंतीच्या बुडाशी सोडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उसाची सरी भिंतीपर्यंत आणू नये. एका बाजूला बारमाही ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण असले की घर कलते. निदान वीस फूट मोकळे ठेवावे आणि पाट तर घराजवळून नेऊच नये. निलगिरी, उंबर, पिंपळ यांसारखी झाडे पंचवीस फुटांच्या आत लावू नयेत. मुळे उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा शोषतात.

अति पाण्याने खारवट किंवा चोपण झालेल्या रानात शक्यतो घर बांधूच नये. इलाज नसेल तर आधी चर काढून निचरा करावा, जोते उंच घ्यावे, जोत्यावर ओलरोधक थर द्यावा आणि काँक्रीट घट्ट व पुरेसे पाणी मारून पिकवलेले असावे. क्षार भिंतीत चढले की गिलावा फुगून गळतो व सळई गंजते.

९. बांधून झालेल्या घराला भेग पडली तर?

लगेच गिलावा करू नये. भेगेवर आडवी सिमेंटची टिकली लावून तिच्यावर तारीख लिहावी आणि वर्षभर पाहावे. मे महिन्यात भेग उघडते व भाद्रपदात मिटते, तर जमीन श्वास घेते आहे. अशा वेळी आधी पाण्याची व्यवस्था सुधारावी, भोवतीचा पट्टा करावा, मग भेग भरावी. पण भेग एकाच दिशेने वाढत गेली, बोट शिरेल एवढी झाली किंवा भिंत ओळंब्यातून सुटली, तर त्या खोलीत झोपणे बंद करून अभियंत्याला दाखवावे.

लागणीआधी आपण रान पाहतो, बेणे पारखतो, पाण्याचा हिशेब करतो. ऊस बिघडला तर एक हंगाम जातो. घर मात्र पुढच्या पिढीपर्यंत टिकवायचे असते. तेव्हा यंदा ज्यांच्या मनात घर आहे, त्यांनी विटांची ऑर्डर देण्यापूर्वी तीन खड्डे घ्यावेत, वहीत थर लिहावेत, पायाच्या खोलीची माती तपासून घ्यावी आणि मगच पायाच्या खर्चाला हात घालावा. हे काम उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर असे दोनदा पाहता आले तर उत्तम.